एफएसओची मूरिंग: साखळी किती ओढायची, आणि कधी मोजायची

एफएसओ म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं, तेल साठवणारं जहाज; मूरिंग म्हणजे त्याची नांगर-साखळ्यांची बांधणी. बेलापूर-महापेच्या ऑफिसांत मूरिंगची जी आकडेमोड होते ती बहुतेक वेळा बरोबर असते. काम बिघडतं समुद्रावर, आणि तेही जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच बाजूला: साखळी हवी त्यापेक्षा जास्त ओढली जाते. डेकवर उभं राहून बघितलं की लोंबणारी साखळी ढिली वाटते. मग कुणीतरी म्हणतं, "अजून दोन कड्या घ्या." अशा दोन-दोन कड्या आठ लाइनींवर (नांगरापर्यंत जाणाऱ्या साखळ्यांवर) दोन-तीनदा घेतल्या की डिझाइन कागदावरच राहतं.

सीबीडी बेलापुरातून दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर चालत जाता येतं. तिथे सुकतीला होडी आखूड दोराने कुणीही बांधत नाही. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी चार मीटरच्या वर चढतं. दोर आखूड ठेवला तर खुंट तरी उपटेल, नाहीतर होडीचं नाक तरी बुडेल. तेल साठवणाऱ्या लाख टनी जहाजालाही हाच हिशेब लागू आहे. फक्त इथे 'थोडा सैल' म्हणजे नेमका किती, हे मीटरमध्ये आणि किलोन्यूटनमध्ये सांगावं लागतं.

पुढचं सगळं एक उदाहरण धरून सांगितलं आहे. पाण्याची खोली ७५ मी. (मुंबई हायच्या आसपास साधारण इतकीच मिळते). पुढच्या टोकाला बाहेरचा टरेट (साखळ्या धरणारा भाग, ज्याभोवती जहाज फिरू शकतं), त्यावरचे चेन स्टॉपर (साखळीची कडी अडकवून धरणारे) पाण्यापासून १० मी. वर, म्हणजे समुद्रतळापासून ८५ मी. आठ लाइन, चार दिशांना दोन-दोन. प्रत्येक लाइन ८४ मिमी, आर-४ दर्जाच्या पोलादाची बिनस्टडची (कडीत आडवी दांडी नसलेली) साखळी, लांबी ९०० मी. तुमचे आकडे वेगळे असतील. रीत हीच वापरा.

टप्पा १ : आकडे हातात घ्या

समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात पुढच्या चार गोष्टी असाव्यात.

साखळीचं वजन: ८४ मिमीची बिनस्टडची साखळी हवेत मीटरला सुमारे १४१ किलो, पाण्यात सुमारे १२३ किलो, म्हणजे १.२ किलोन्यूटन. आठही लाइनी मिळून हजार टनांवर लोखंड होतं; टगांच्या (ओढणाऱ्या बोटींच्या) चेन लॉकरमध्ये किती मावेल हे आधीच विचारून ठेवा.

तुटण्याचा भार: आर-४ साठी ०.०२७४ × व्यास² × (४४ − ०.०८ × व्यास). व्यास मिमीत टाकला की उत्तर किलोन्यूटनमध्ये येतं. ८४ मिमीला ७,२०० किलोन्यूटन. पण साखळी गंजते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि कडक तळावर घासणाऱ्या भागात व्यास वर्षाला ०.२ ते ०.४ मिमी कमी होतो असं एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दंडक धरतो. दहा वर्षांसाठी ४ मिमी वजा केले की ८० मिमी उरतात, आणि भार ६,६०० किलोन्यूटनच्या आत येतो. हिशेब या आकड्यावर करायचा.

सुरक्षा गुणक: डायनॅमिक अॅनालिसिसमध्ये सगळ्या लाइनी शाबूत असताना १.६७, एक तुटलेली असताना १.२५. म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळातही शाबूत स्थितीत एका लाइनवर ३,९५० किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. आपल्या उदाहरणात वादळी ताण ३,५०० धरू.

सुरुवातीचा ताण: ४०० किलोन्यूटन, सुमारे ४१ टन.

आता साखळीची तीन सूत्रं, जी कॅल्क्युलेटरवरही बसतात (उंची म्हणजे तळापासून स्टॉपरपर्यंत, वजन म्हणजे मीटरला पाण्यातलं):

आडवा ताण = वरचा ताण − (पाण्यातलं वजन × उंची)
लोंबती लांबी = √(उंची² + २ × उंची × आडवा ताण ÷ वजन)
वरच्या टोकाचा कोन: कोसाइन = आडवा ताण ÷ वरचा ताण

४०० किलोन्यूटनला आडवा ताण २९८, लोंबती लांबी २२२ मी. आणि आडव्या रेषेपासूनचा कोन ४१.८ अंश येतो. वादळात ३,५०० किलोन्यूटन आले की ६९९ मी. साखळी तळावरून उचलली जाते. एक लाइन तुटून शेजारचीवर ४,३०० आले तर ७७६ मी. तरीही १२४ मी. तळावर पडून राहते, त्यामुळे नांगराला वरच्या दिशेने ओढ बसत नाही. ९०० मीटरचं कारण हे. ओढून रुतणारा नांगर आडव्या ओढीवर जगतो. वर उचलला की सुटतो.

तपासणी: ड्रॉइंगवरचे आकडे टनात आहेत की किलोन्यूटनमध्ये, आणि टगच्या बोलार्ड पुलचे (ओढशक्तीचे) टन कुठले, हे एकदा मोठ्याने वाचून घ्या. १०० किलोन्यूटन म्हणजे १०.२ टन.

टप्पा २ : तळ, पाइपलाइन आणि परवानग्या

नांगराच्या प्रत्येक जागी मातीचा नमुना हवा. मधल्या एका बोअरहोलवरून आठ नांगरांचा अंदाज बांधणं ही सगळ्यात महागडी काटकसर. आपल्या पश्चिम समुद्रात मऊ चिखलाखाली चुनखडीची वाळू किंवा घट्ट झालेले थर लागतात. नांगराच्या पात्याचा, म्हणजे फ्लूकचा, कोन त्यावर ठरतो: मऊ चिखलाला सुमारे ५० अंश, वाळूला आणि कडक मातीला सुमारे ३२. कडक तळावर ५० अंशांचा नांगर टेकला तर टोक आत न शिरता तो नाकावर उभा राहतो आणि आडवा पडतो. चिखलात ३२ अंशांचा नांगर वरवर सरकत राहतो. हा कोन डेकवर पिन बदलून ठरवायचा असतो. नांगर पाण्यात गेल्यावर तो बदलता येत नाही.

साइड स्कॅन (आवाजाने तळाचं चित्र काढणारं) आणि मॅग्नेटोमीटर (लोखंड ओळखणारं) दोन्ही फिरवा. जुनी पाइपलाइन गाळाखाली गेली असेल तर फक्त मॅग्नेटोमीटर ती दाखवतो. जहाज आणि नांगर यांच्यामध्ये पाइपलाइन येत असेल तर जागा बदला: नांगर ओढला गेला तर तो जहाजाच्याच दिशेने येणार, म्हणजे थेट पाइपवर.

इशारा: जुन्या नकाशांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट डेटमवर (मोजणीच्या जुन्या आधारावर) असू शकतात, टगचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर असतो. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की नांगर भलतीकडे पडतो, आणि पडद्यावर सगळं हिरवंच दिसत राहतं.

परवानग्यांची यादी कंपनीगणिक बदलते, पण एक गोष्ट हमखास सुटते. सुरक्षा क्षेत्र असतं ५०० मीटरचं; आपले नांगर ८७८ मीटरवर. मधल्या पट्ट्यात ट्रॉलरचं जाळं साखळीत अडकू शकतं. नाविकांसाठीची सूचना निघतेच, पण करंजा आणि ससून डॉकच्या मच्छीमार सोसायट्यांना नांगरांच्या जागांचा कागद मराठीत छापून द्या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

टप्पा ३ : साखळी ताब्यात घेताना

सर्टिफिकेट बघून सही करू नका. टेप आणि कॅलिपर घेऊन यार्डात जा.

सलग पाच कड्यांची लांबी व्यासाच्या २२ पट असते, आणि चूक फक्त जास्तीच्या बाजूला अडीच टक्क्यांपर्यंत चालते. ८४ मिमीला ती १,८४८ ते १,८९४ मिमी. त्यापेक्षा आखूड कड्या स्टॉपरच्या खाचेत नीट बसत नाहीत. जास्त लांब असतील तर साखळी चाचणीतच ताणली गेलेली असू शकते.

जोडणीचे शॅकल बघा. केंटर शॅकल (सुटे भाग जोडून बनणारी जोडकडी) जहाजाच्या रोजच्या नांगराला ठीक, वर्षानुवर्षं जागेवर राहणाऱ्या मूरिंगला नाही; त्याच्या बारीक कोपऱ्यांतून थकव्याच्या चिरा सुरू होतात. कायमच्या मूरिंगसाठी बनवलेलेच शॅकल घ्या. नट बसला, त्यावरची पिन बसली, पिन वाकवली किंवा वेल्ड केली, असा प्रत्येक शॅकलचा फोटो काढा. पिन विसरलेला नट लाटांच्या हिसक्यांनी हळूहळू फिरत जातो, आणि शॅकल तुटलेला नसताना लाइन सुटते.

मग रंग. दर ५० मीटरवर कड्या पांढऱ्या रंगवा आणि कितवी खूण आहे ते कड्यांच्या संख्येने दाखवा: ५० ला एक, १०० ला दोन. शिवाय साखळीच्या एकाच बाजूने सलग पांढरा पट्टा ओढा. आरओव्हीच्या (दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राच्या) कॅमेऱ्यात तो पट्टा एका बाजूला राहिला तर साखळीला पीळ नाही. गोल फिरताना दिसला तर आहे. डब्याचा खर्च हजारांत, आणि पुढे आरओव्हीचे तासचे तास वाचतात.

टप्पा ४ : नांगर टाकणं आणि ओढून बसवणं

स्टॉपरपासून नांगरापर्यंतचं आडवं अंतर आपल्या उदाहरणात ८७८ मी. (लोंबत्या २२२ मी. साखळीने २०० मी. आडवं अंतर कापलं, उरलेली ६७८ मी. तळावर). हे अंतर नांगर *बसल्यानंतरचं* आहे. बसताना नांगर ओढला जातो. मातीच्या अभ्यासात ३० मी. ओढ अपेक्षित असेल तर तो ९०८ मीटरवर टाकायचा. हे विसरलं की साखळी ३० मीटरने जास्त होते, आणि मग तो फरक स्टॉपरवर कड्या घेऊन भरून काढण्याचा मोह होतो.

क्रम असा:

१. टग वाऱ्याकडे आणि प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. नांगर स्टर्न रोलरवरून (टगच्या मागच्या टोकाच्या रुळावरून) खाली सोडायचा तो फ्लूक खाली राहतील असा.
२. तळ लागण्याआधी वीसेक मीटरवर थांबून आरओव्हीने नांगराची बाजू बघायची. उलटा असेल तर इथेच परत घ्यायचा.
३. टग जहाजाच्या जागेकडे हळू सरकत साखळी सोडतो. सोडण्याचा वेग टगच्या वेगापेक्षा किंचित कमी, म्हणजे साखळी सरळ पडते. जास्त झाला की तळावर ढीग होतो आणि ढिगातून पीळ.
४. नांगराला थोडा भार देऊन टोक रुतवायचं, मग पूर्ण चाचणी.

चाचणीचा भार हा वादाचा विषय होतो, म्हणून सरळ सांगतो. एपीआयप्रमाणे कायमच्या मूरिंगला वादळी ताणाच्या किमान ८०%, म्हणजे आपल्याकडे २,८०० किलोन्यूटन, सुमारे २८५ टन. क्लास सोसायटी (जहाजाला प्रमाणपत्र देणारी संस्था) पूर्ण भारही मागू शकते. इतका भार १५ ते ३० मिनिटं धरायचा. १५० टन बोलार्ड पुलचा टग हे एकट्याने करू शकत नाही, आणि "टग पूर्ण ताकदीने ओढत होता" ही नोंद चाचणी ठरत नाही. समोरासमोरच्या दोन नांगरांच्या साखळ्या मध्ये टेन्शनरने (साखळी धरून आवळणाऱ्या साधनाने) जोडून टगने ती जोडणी वर उचलायची. साखळ्यांवर वर उचलण्याच्या जोराच्या दुपटीहून जास्त ताण येतो. याला क्रॉस-टेन्शनिंग म्हणतात. चार दिशांची रचना इथे उपयोगी पडते. तीन गठ्ठ्यांच्या रचनेत कुठल्याच नांगराच्या नेमका समोर दुसरा नसतो, तेव्हा वेगळा नांगर लागतो. त्याचं भाडं अंदाजपत्रकात धरा.

तपासणी: भार धरलेल्या वेळात नांगर सरकणं थांबलं पाहिजे. भार पूर्ण आला पण नांगर मिनिटाला काही सेंटिमीटर येतोच आहे, तर तो बसलेला नाही. मऊ चिखलात एक-दोन दिवस ठेवून पुन्हा ओढला तर पकड वाढलेली दिसते, कारण ढवळलेली माती पुन्हा घट्ट होते.

यानंतर साखळीचं वरचं टोक पिक-अप दोर आणि बॉय लावून तळावर ठेवायचं. आठही टोकं मध्यबिंदूवर आणून टाकू नका. एकमेकांवर पडली की कुठली आधी उचलायची याचं कोडं होतं. प्रत्येक टोक आपल्याच दिशेला, मध्यापासून शंभर-दीडशे मीटर अलीकडे, बाकीची साखळी लाइनीच्या बाजूला लांबट वळणात.

टप्पा ५ : हवामानाची खिडकी

जून ते सप्टेंबर हे काम होत नाही, एवढं सगळ्यांना माहीत आहे. दगा देतो तो मे. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायच्या भागात पी-३०५ बार्जचे नांगर सुटले, बार्ज बुडाला आणि अनेकांचे जीव गेले. कामापुरती बांधणी चक्रीवादळासाठी नसते. अर्धवट जोडलेली एफएसओसुद्धा त्याच वर्गात येते. जोडणी एप्रिलअखेर संपत नसेल तर ती ऑक्टोबरनंतर न्या. कंत्राटातला दंड परवडतो.

खिडकी मोजताना कामाचा वेळ २४ तास असेल तर अंदाज ४८ तासांचा चांगला हवा. आणि दिवस भांगाचा (कमी भरती-ओहोटीचा) निवडा. उधाणाला प्रवाह जोराचा असतो, आणि आडवा प्रवाह टगांना थकवतो. पंचांग बघून मासेमारीला निघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. प्रोजेक्ट शेड्यूल बनवणाऱ्याला लागतं.

टप्पा ६ : जोडणीचा क्रम

लाइनींना नंबर देऊ: पश्चिमेला १-२, उत्तरेला ३-४, पूर्वेला ५-६, दक्षिणेला ७-८. पश्चिमेकडून वारा धरला तर क्रम १, ५, ३, ७. मग २, ६, ४, ८. पहिली लाइन नेहमी वाऱ्याकडची, दुसरी तिच्या समोरची. शेजारच्या दोन ओळीने लावल्या तर जहाज एका बाजूला खेचलं जातं, आणि समोरची लाइन स्टॉपरपर्यंत पोहोचतच नाही.

जोडताना पूर्ण ताण द्यायचा नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक लाइन २०० किलोन्यूटनच्या आसपास. चार दिशांना एकेक लाइन लागेपर्यंत एकही टग सोडायचा नाही, मग कॅप्टन कितीही घाई करो. जहाजाची दिशा टगांनी धरून ठेवायची. जहाज फिरलं की ओढायचा दोर टरेटभोवती घासतो.

साखळी आत येताना सारंगाच्या शेजारी एक माणूस फक्त पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून असावा. स्टॉपरमध्ये कडी बसली की तिन्ही गोष्टी बघायच्या: कुत्रं, म्हणजे अडकवणारी खीळ, पूर्ण खाली आहे, कडी दोन्ही खांद्यांवर टेकली आहे, विंचचा ताण सोडल्यावर साखळी मागे सरकत नाही. ताण हळूहळू सोडा. अर्धवट बसलेली कडी पहिल्या हिसक्याला निसटते, आणि त्या वेळी साखळीच्या रेषेत कुणी उभं असता कामा नये.

टप्पा ७ : ताण देणं, आणि इथेच सगळे चुकतात

आधी एक आकडा डोक्यात बसवा. आपल्या लाइनचा ताण ४०० वरून ३,५०० किलोन्यूटनपर्यंत जाईस्तोवर जहाज किती सरकू शकतं? साखळीचा स्वतःचा ताणलेपणा सोडला तर सुमारे १५ मीटर. हीच लाइन 'छान ताठ' म्हणून ८०० वर ठेवली तर ८ मीटर. वादळातल्या प्रत्येक लाटेबरोबर जहाज पुढे-मागे होणारच. त्या हालचालीला कुठलीही साखळी अडवू शकत नाही. पंधरा मीटरची जागा आठ केली तर तीच लाट साखळीला दुप्पट कडक हिसका देते. शिवाय ताठ साखळीत वरच्या कड्या एकमेकींवर फिरत नाहीत, वाकतात. अंगोलाजवळच्या गिरासॉल क्षेत्रातल्या लोडिंग बॉयच्या साखळ्या वर्षभराच्या आत तुटल्या त्या याच वाकण्याने. त्यानंतर हा प्रकार डिझाइनमध्ये वेगळा मोजू लागले.

मोजायचं कशाने? विंचच्या गेजवर नाही. गेजमध्ये पुलीचं घर्षण मिसळलेलं असतं, आणि कडी स्टॉपरवर टेकली की गेज काहीच सांगत नाही. मोजायचा तो कोन, स्टॉपरखालच्या सरळ भागावर लावलेल्या इन्क्लिनोमीटरने:

३५० किलोन्यूटन : ४४.९ अंश
४०० किलोन्यूटन : ४१.८ अंश
४५० किलोन्यूटन : ३९.३ अंश
५०० किलोन्यूटन : ३७.२ अंश
८०० किलोन्यूटन : २९.२ अंश

एका अंशाला साधारण २० किलोन्यूटन. स्टॉपर एकाआड एक कडी धरतो, म्हणजे कमीत कमी दोन कड्या घ्याव्या किंवा सोडाव्या लागतात: ६७२ मिमी. त्याने ताण जवळपास १९ किलोन्यूटनने बदलतो, म्हणजे पुन्हा एक अंश. यापेक्षा बारीक जुळवणी शक्य नाही, म्हणून ±५% च्या आत आलेली लाइन सोडून द्या.

आता मुख्य चूक. वरचा तक्ता ८५ मी. उंचीसाठी आहे. पाणी दोन मीटर उतरलं की साखळीला हात न लावता ताण ४०० वरून ३७६ च्या आसपास येतो आणि कोन ४२.७ होतो. म्हणजे ओहोटी एकटी सव्वा कडीजोडीएवढा फरक दाखवते. सकाळी भरतीला चार लाइनी जुळवल्या आणि दुपारी ओहोटीला उरलेल्या चार, तर कागदावर आठही ४०० आणि प्रत्यक्षात दोन वेगळे गट.

त्याहून मोठी चूक जहाजाच्या खोलीची. जोडणी रिकाम्या, बॅलास्टमधल्या जहाजावर होते. पुढे तेल भरलं की जहाज समजा ७ मीटर खाली बसतं, आणि बाहेरचा टरेट त्याच्याबरोबर खाली येतो. उंची ७८ मी., ताण ३२०, कोन ४५ अंश. हे बरोबर आहे, असंच व्हायला हवं. पण त्या दिवशी पाळीवर आलेला नवा माणूस तक्ता उघडतो, "ढिली आहे" म्हणतो आणि ओढून ४०० करतो. शटल टँकर तेल घेऊन गेला, जहाज वर आलं, की तीच लाइन ५०० वर. सुकतीला आखूड दोर बांधण्याची ती हीच चूक, फक्त इथे ओहोटी तेलाची आहे.

म्हणून तक्ता एक नको, ड्राफ्टप्रमाणे (जहाज पाण्यात किती खोल बसलं आहे त्याप्रमाणे) तीन-चार हवेत: रिकामं, अर्धं, भरलेलं. प्रत्येकावर भरतीची दुरुस्ती छापलेली. आणि स्टॉपरजवळ ठळक अक्षरांत: ड्राफ्ट आणि पाण्याची पातळी लिहिल्याशिवाय कोन लिहू नये.

ताण देण्याचा क्रम: समोरासमोरच्या जोड्या, १ आणि ५, ३ आणि ७, २ आणि ६, ४ आणि ८. पहिल्या फेरीत सगळ्या ३०० ला, दुसरीत ४०० ला. तिसरी फेरी फक्त मोजणीची, प्रवाह थांबलेल्या वेळी, टग सोडून, एक पूर्ण भरती-ओहोटी गेल्यावर. तळावर पडलेली साखळी तोवर आपली जागा घेते, आणि पहिल्या दोन फेऱ्यांतले बरेच 'फरक' आपोआप जातात.

टप्पा ८ : शेवटची मोजणी आणि पहिला पावसाळा

आरओव्हीने आठही लाइनी नांगरापासून स्टॉपरपर्यंत चित्रित करा: पट्टा, शॅकलच्या पिना, साखळी तळाला टेकते ती जागा. टगने जहाज दोन्ही बाजूंना फिरवून टरेट अडखळत नाही ना ते बघा. नोंदवहीत प्रत्येक लाइनच्या स्टॉपरवर किती कड्या आत आल्या तो आकडा लिहा. पुढच्या दहा वर्षांत हाच आकडा सगळ्यात जास्त वेळा शोधला जातो, आणि बहुधा सापडत नाही.

जूनमधली पहिली मोठी लाट येण्याआधी आणि ती ओसरल्यावर आठही कोन घ्या, दोन्ही वेळी ड्राफ्ट आणि पातळी सारखी करून. मग असं वाचा. आठही लाइनी उभ्या झाल्या (कोन वाढला) असतील तर पाणी किंवा ड्राफ्टची दुरुस्ती चुकली. एक उभी आणि तिच्या समोरची आडवी झाली असेल तर जहाज वाऱ्याने किंवा प्रवाहाने सरकलेलं आहे. थांबा, पुन्हा मोजा. एक लाइन आणि तिच्या समोरचीही, दोन्ही उभ्या झाल्या, तर त्या दोघींपैकी एकीचा नांगर ओढला गेला आहे किंवा साखळी स्टॉपरमधून सुटली आहे. आधी स्टॉपरवरच्या कड्या मोजा. त्या वहीशी जुळल्या तर आरओव्ही नांगराकडे पाठवा, आणि तो परत येईपर्यंत विंचला हात लावू नका.